फलक मराठीत, माळ कुणाच्या नावावर?

परवा गावाकडून फोन. क्रिकेट स्पर्धेचा फलक नुसत्या मराठीत लावला म्हणून वरून निरोप आला होता. कन्नड वर घ्यायचं की शेजारी, अक्षरं केवढी काढायची, यावर पोरांची दोन रात्री बैठक चाललेली. मी विचारलं, "मॅची कुठं भरवताय?" मित्र जरा थांबला. "ते अजून बघायचं हाय की."

आमचं गाव बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवाराला लागून. 2014 च्या जुलैत 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक हटवला आणि लाठ्या चालल्या, तेच येळ्ळूर. त्यामुळे आमच्याकडे फलक म्हणजे नुसता पत्रा नसतो. 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, आणि दर 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळत आमच्या तीन पिढ्या झाल्या. 1986 साली कन्नडसक्तीच्या आंदोलनात गोळ्या झाडल्या गेल्या. त्या हंगामात स्पर्धेचं कुणी नावच काढलं नाही, असं काका सांगायचे.

क्लब काकांच्याच पोरसवद्या टोळीनं काढलेला. वर्गणीतून एक बॅट, गायरानाच्या माळावर मुरूम टाकून केलेलं पीच, पहिलं बक्षीस बोकड. पहिला अंपायर गावचा पोस्टमन, कारण घड्याळ त्याच्याकडेच होतं. समोरचा संघ कन्नड बोलणारा असला तरी 'नो बॉल'वरचं भांडण दोन्हीकडच्या शिव्यांत व्हायचं आणि सगळ्यांना सगळं कळायचं.

तो माळ आता नाही. थोडा सरकारी कामाला गेला, बाकीच्यावर प्लॉटचे दगड उभे आहेत. हलगा–मच्छे बायपासमध्ये सुपीक जमीन चालली म्हणून शेतकरी कोर्टात गेले, रस्त्यावर बसले. पण गायरानाला सातबारावाला मालक नसतो, म्हणून त्याच्यासाठी रडणाराही नसतो. माळ जाताना ग्रामपंचायतीत एक अर्जसुद्धा कुणी दिला नाही. मीही नाही. मी तेव्हा व्हिसाच्या मागे होतो.

इथं इंग्लंडात हँपशरमध्ये मी एका खेडेगावच्या क्लबच्या तिसऱ्या संघात खेळतो. हँबल्डन इथून जवळच. अठराव्या शतकात तिथल्या क्लबनं मोठमोठे सामने गाजवले, आणि ब्रॉडहाफपेनी डाउनच्या त्या टेकाडावर आजही खेळ होतो. यांच्या खेड्यांची देशभरची स्पर्धा 1972 पासून आहे, अंतिम सामना लॉर्ड्सवर. पहिल्या वर्षी कॉर्नवॉलमधलं ट्रून नावाचं गाव जिंकलं. तर सांगायचं काय, आमच्या क्लबचं मैदान विश्वस्तांच्या नावावर आहे. विकू म्हटलं तरी सहज विकता येत नाही. सत्तरीचे चिटणीस शनिवारी सकाळी स्वतः रोलर ओढतात. पण त्यांना अकरा माणसं जमत नाहीत! आमच्या संघात निम्मे आपल्याकडचे आणि लाहोर-कँडीकडचे. यांच्याकडे गवत आहे, पोरं नाहीत. आमच्याकडे चाळीस पोरं आहेत, गवत नाही.

मित्राला हे सांगितलं तर तो भडकला. "तू तिथं इंग्लिश बोलतोस, तुझी पाटी कोण पुसत नाही. तुला काय जातंय?" खरं आहे त्याचं. इंग्रजी मी स्वतःहून पत्करली, पगारासाठी. त्याच्या पोराला शाळेत आणि कचेरीत कन्नड पत्करावी लागते. दोन्ही एकाच तागडीत तोलू नयेत. तरी मला वाटतं, फलकासाठी जमलेल्या पन्नास माणसांतली दहा जरी मोजणीच्या नकाशावर बोट ठेवून तहसीलदारासमोर बसली असती, तर पीचची जागा तरी राहिली असती. जागा मागताना अर्ज कन्नडमध्ये लिहावा लागला असता, हे कबूल. बेळगावचा रोनित मोरे कर्नाटकाकडून रणजीत विकेटी काढायचा तेव्हा आमच्या पारावर काळा दिन पाळणारेच टाळ्या वाजवत होते. तिथं कुणाला काही जड गेलं नव्हतं.

यंदा एका चुलत्यानं शेत दिलंय. भात कापल्यावर, मसूर पेरायच्या आत, मोजून आठ दिवस. बोकडाचे पैसे मी पाठवतोय. देणगीदार म्हणून फलकावर नाव घालू का, असं मित्रानं विचारलं. मी म्हटलं, घाल, कुठल्या का लिपीत असेना.

"कुठल्या का?" तो म्हणाला. "मराठीतच घालणार."