'गोव्यात वकील कशाला हवा?' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. थोडक्यात असा: "गोव्यात कॉमन सिव्हिल कोड आहे, नवराबायको अर्धे-अर्धे, मुलांना सारखा वाटा, सगळं कायद्यातच ठरलेलं. मग वकिलाला पैसे कशाला? स्टॅम्प पेपर आणा, नोटरीचा शिक्का मारा, झालं. वकील सगळे सारखेच, त्यांचं काम एकच, तारखा घेणं." खाली हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा'. मी स्वतः पणजीत सिव्हिल साईडला प्रॅक्टिस करते, तेव्हा पोटावर पाय आला म्हणून ओरडतेय म्हणायचं तर म्हणा, पण वाचा.

आधी ते 'अर्धे-अर्धे'. 1867 चा पोर्तुगीज सिव्हिल कोड इथे 1870 पासून लागू आहे, मुक्तीनंतरही राहिला, आणि वारसाहक्काचा भाग आता 2012 च्या गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आलाय जो 2016 च्या शेवटी सुरू झाला. नियम ठरलेले आहेत हे खरंच. पण लावून बघा. वडील वारले, मागे आई, दोन मुलगे आणि लग्न झालेली मुलगी, मृत्युपत्र नाही. अर्धं आईचं, ते तिचं आधीपासूनच होतं. उरलेल्या अर्ध्याचे तीन भाग, म्हणजे प्रत्येकी सहावा हिस्सा. इथपर्यंत फॉरवर्डवाले काका बरोबर. पण मुलीचं लग्न मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार न करता झालेलं असेल तर तिच्या सहाव्यात जावयाचा अर्धा, सुनांचंही तसंच, म्हणजे घर विकायचं झालं तर सात जणांच्या सह्या, आणि त्यातला एक मुलगा-सून लंडनला असले की मुखत्यारपत्र आलं, ते तिथून रीतसर साक्षांकित होऊन आलं पाहिजे. शेवटच्या क्षणी जावयाने सही अडवून धरलेली प्रकरणं कोर्टात चिकार सापडतील. लग्नाआधीचा करार लग्नानंतर करून चालत नाही बरं का, तिथे तर वकील आधीच लागतो.

आणि 'मृत्युपत्र करून सगळं धाकट्याला देऊन टाकू' हेही नाही जमत. बायकोचं अर्धं तुमचं नव्हेच. तुमच्या अर्ध्यातलं अर्धं मुलांसाठी राखीव. उरला एकूण इस्टेटीचा चौथा हिस्सा, तेवढाच तुमच्या मर्जीचा.

नोटरीचा शिक्का हा तर सगळ्यात घातक भाग. गोव्यात स्पेशल नोटरी म्हणजे सब-रजिस्ट्रार, त्यांच्यासमोर वारसाचा दस्त होतो. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला नोटरी तो नव्हे. त्याच्या शिक्क्याने घर कुणाच्या नावावर होत नाही, विक्री रजिस्टरच व्हावी लागते. बरं, वारसाच्या दस्तात सुद्धा वारस कोण एवढंच ठरतं, कुठलं भाट (बागायत) कुणाला हे नाही. त्याला आपसात वाटणीचा दस्त, नाहीतर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे इस्टेटीची यादी करून वाटणी, तिथे वारसांमध्येच बोली लागते आणि जो जास्त बोलतो तो घर घेतो, बाकीच्यांना पैसे. ही बोली कुठपर्यंत ताणायची हे सांगणं हेच वकिलाचं खरं काम असतं, भाषण ठोकणं नव्हे. माझा बहुतेक वेळ तर एक-चौदाचे उतारे (इथला सातबारा) आणि जुने पोर्तुगीज दस्त वाचण्यात जातो. खोट्या जुन्या दस्तांवर जमिनी हडपल्या म्हणून 2022 मध्ये सरकारला एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावी लागली, विसरलात का?

'सगळे वकील सारखेच.' सनद सारखी, काम नाही. मुंडकाराची, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची, केस मामलेदाराकडे चालते, दिवाणी दाव्यात तो प्रश्न उपटला तरी तिकडेच पाठवावा लागतो. पर्वरीला हायकोर्टात रिट करणारा वेगळा, जामिनाचं बघणारा वेगळा, आणि कंपन्यांचे करार करणारे कित्येक जण कोर्टाची पायरी वर्षानुवर्षं चढत नाहीत. चेक बाऊन्स घ्या. चेक परत आल्याची बँकेची मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती पोचल्यावर समोरच्याला 15 दिवस, ते उलटले की महिन्याच्या आत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार. ओळखीच्या कुठल्यातरी वकिलाकडे दोन महिने फाईल पडून राहिली आणि तोवर चेकचीही मुदत संपली, तर फौजदारी केस गेलीच, दिवाणी दावा करत बसा.

तारखांचं मात्र मी नाकारणार नाही. दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी नको असं कायदा म्हणतो, पाळतं कोण! यात वकीलही आहेत, पक्षकारही, रिकाम्या राहिलेल्या न्यायाधीशांच्या जागाही. काही वेळा अशिलालाच घाई नसते, ताबा त्याच्याकडे असला की झालं.

राहिले पैसे. 'जमीन मिळाली की इतके टक्के' अशी फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, कुणी मागितली तर बार कौन्सिलकडे तक्रार करा, खुशाल. आणि सरकारी खर्चाने वकील मिळतो. बाई असाल, अर्जदार स्वतः लहान मूल असेल, अनुसूचित जाती-जमातीचे असाल, कोठडीत असाल किंवा कायद्यात सांगितलेल्या अशाच आणखी काही गटांत असाल तर उत्पन्न कितीही असो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. 15100 या नंबरवर फोन करायचा. फॉरवर्डमध्ये हा नंबर नव्हता.