पूर्वज सरदारच निघाला पाहिजे

कुळाचा शोध घ्यायचं ठरवलंय? अभिनंदन. आधी वंशावळ फ्लेक्सवर छापून घ्या, कागदपत्रांचं नंतर बघू. वर फेटा, हातात तलवार, खाली तुमचा मोबाईल नंबर. एकदा फ्लेक्स चौकात लागला की पुरावा मागायची कुणाची छाती होत नाही. मधल्या एक-दोन पिढ्यांचा पत्ता लागत नसेल तर त्यांना पानिपतावर पाठवा. 14 जानेवारी 1761 ला तिथे इतकी माणसं पडली की तुमचा एक खापरपणजोबा वाढल्याने कुणाचा हिशेब चुकणार नाही.

तहसीलच्या अभिलेख कक्षाकडे मात्र चुकूनही फिरकू नका. तिथे लाल फडक्यात बांधलेली दप्तरं असतात आणि त्यांत पूर्वज खरोखर सापडतात, हीच मोठी अडचण. जुना मजकूर मोडी लिपीत, त्यामुळे सुरुवातीला जरा आशा वाटते. न वाचता येणाऱ्या अक्षरांत काहीही असू शकतं, अगदी सनदसुद्धा. पण दुर्दैवाने मोडी वाचणारे अजून आहेत. ते भिंग धरतात आणि मान वर न करता सांगतात, ‘अमुक बिन तमुक, धंदा शेती, तगाई बाकी.’ म्हणजे सरकारी कर्जही थकलेलं. तलवार? नाही. घोडा? नाही. बैल आहे एक, तोही सावकाराकडे गहाण.

जमिनीच्या फेरफारात पणजोबांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर विलायती पदवी म्हणून खपवून द्या. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला तलाठी ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ असा हा शेरा मारायचे, हे तुम्ही होऊन कशाला सांगताय?

कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, त्याहून निर्दय. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच. बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, संपलं. मृत्यूच्या रकान्यात पटकी, देवी, ताप. एकाच पानावर, एकाच आठवड्यात, एकाच घरातल्या तीन नोंदी दिसल्या तर वही मिटा. असल्या गोष्टींना वंशावळीत जागा नसते. जन्मतारखेसाठी आजोबांचा शाळेचा दाखला काढाल तर त्यावर 1 जून असणार. निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनलाच, गुरुजींची कृपा.

आणि कागदच सापडला नाही तर? मग तर चांदीच. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले, कर्जाची खतं आणि वह्या बाहेर ओढल्या आणि पेटवून दिल्या. लोण नगरकडेही गेलं. हादरलेल्या सरकारने 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. म्हणजे तुम्ही ज्या कागदासाठी खेटे घालताय, तो कदाचित तुमच्याच माणसाने स्वतःच्या हाताने जाळलाय, आणि चांगलंच केलंय. पण खतं जाळणारा कर्जबाजारी कुणबी चौकात शोभत नाही. ‘आमची सनद इंग्रजांनी नेली’ असं ठोकून द्या.

त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहायचा मोह होईल. गाव आणि आडनाव सांगितलं की ते नेमकी वही काढतात, आणि कधी तीत आजी-पणजीचंही नाव निघतं. मग ते लिहायचं कुठे? आपल्या वंशावळीत तर मुलगे बापापासून परस्पर उगवलेले असतात.

बायकांचा प्रश्न सातबाऱ्याने केव्हाच सोडवलाय. आत्याचं नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात, सोसायटीच्या बोज्याच्या शेजारी. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच वाटा दिला खरा, पण कायद्याने कशाला घरात वितुष्ट आणायचं? भाऊबीजेला आत्याला आग्रहाने बोलवा. साडी भारीतली घ्या. येताना आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन ये म्हणावं, हक्कसोडपत्राला लागतात.