हात किती टक्के गेला?

गोव्यातल्या पेडण्याचा माझा चुलत भाऊ पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. माडावरून पडला, उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मूठ पुन्हा आवळली नाही. वैद्यकीय मंडळाने सांधा किती वळतो ते मोजलं आणि दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर ३८ टक्के लिहिले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लक्षणीय दिव्यांगत्व ४० टक्क्यांपासून धरतात. दोन टक्क्यांवर सरकारी मानधन अडलं. व्हिडिओ कॉलवर त्याने मला कोयता उचलून दाखवला. तो बोटांतून निसटून अंगणात पडला. "दादा, हे कोणी बघितलंच नाही," एवढंच म्हणाला.

२०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून वाद पेटला, तेव्हापासून आपल्याकडे एकच सूर ऐकू येतो: तपासणी कडक करा. खोट्या दाखल्यांचा राग मलाही येतो. पण कडक म्हणजे काय? तोच कोन आणखी एकदा मोजणार?

मी इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो, इथे गोंयकार पुष्कळ. शेजारच्या काकांचा 'पिप'चा, म्हणजे इथल्या दिव्यांग भत्त्याचा अर्ज भरायला मी तीन संध्याकाळी बसलो. आजाराचं नाव लिहून झालं की खरे प्रश्न सुरू होतात: स्वयंपाक, अंघोळ, कपडे, चालणं. नियम असा की एखादं काम सुरक्षितपणे, नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात होत असेल तरच ते 'जमतं'. काकांना शर्टाची बटणं लावता येतात, पण तिसऱ्या बटणाला थांबून बोटं चोळावी लागतात. आम्ही तेच लिहिलं, आणि डॉक्टरांची पत्रं त्याला आधार म्हणून जोडली.

ही पद्धत जशीच्या तशी उचला, असं मी म्हणणार नाही. इथेही गुणांचा हिशेब आहेच: रोजच्या कामांत ८ गुण मिळाले तर भत्ता, ७ मिळाले तर नाही. शिवाय माणसाचा धंदा कोणता होता हे 'पिप' विचारत नाही, आणि पाडेल्यासाठी तर तोच पहिला प्रश्न. मला हवं आहे ते एवढंच, की गोव्यात दाखल्याला एक पान जोडावं: हा माणूस काय काम करत होता, आता काय होत नाही. गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी घरी येऊन, बघून ते भरावं. खोटेपणाही तिथेच उघडा पडेल.

कायद्याच्या कलम ५९ खाली दाखल्याविरुद्ध अपील करता येतं. भाऊ ते करतोय. एक्स-रेसोबत रोजची वही ठेव, असं मी त्याला सांगितलं. पहिल्या पानाचा फोटो काल आला, डाव्या हाताचं वाकडंतिकडं अक्षर: "चहा सांडला. नारळ सोलता आला नाही."