चार्जरचा आकडा वाढला, पण गन चालू आहे का?
इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच्या सार्वजनिक चार्जिंग स्टेशनांची संख्या झपाट्याने वाढतेय असं तुमच्या लेखात म्हटलंय, ते खरंच आहे. पण नुसते खांब मोजून काय उपयोग? अ‍ॅपवर ‘उपलब्ध’ दिसणारी गन (गाडीला लावायचा चार्जिंगचा प्लग) जागेवर गेल्यावर बंद, नाहीतर तिच्यापुढे पेट्रोलची गाडी आडवी! दोन्ही अनुभव घेऊन झालेत.

शिवाय किलोवॅटचा आकडा बघून हुरळून जाऊ नये. एसी चार्जर २२ किलोवॅटचा असला तरी गाडीतला ऑनबोर्ड चार्जर (एसी विजेची डीसी करून बॅटरीला देणारा) ७.२ चा असेल, तर मिळणार ७.२ च. डीसी फास्ट चार्जर थेट बॅटरीला वीज देतो, त्यामुळे तिथे ही अडचण नाही. पण साधारण ८० टक्क्यांनंतर बॅटरी जपण्यासाठी वेग बराच उतरतो, आणि उरलेले २० टक्के जीव खातात. म्हणून लांबच्या प्रवासात मी ८० ला गन काढतो आणि मागच्याला जागा देतो. काही महाभाग मात्र १०० होईपर्यंत गाडीत ताणून देतात, त्यांना काय म्हणावं!

आणि हो, एका खांबाला दोन गन असतील तर बऱ्याचदा वीज दोघांत वाटली जाते. शक्यतो मोकळा खांब धरा.