ब्रशलेस तापत नाही म्हणे!

"ब्रशलेस तापतच नाही" असं ज्याला ज्याला म्हणायचं असेल त्याने माझ्याकडे यावं. माझ्या खडक चढणाऱ्या रिमोटच्या गाडीची रविवारची ब्रशलेस, म्हणजे आत ब्रश नसलेली, मोटर त्याच्या तळहातावर ठेवतो. बर्फ मी देईन.

साडेनऊ हजार रुपये. मोटर आणि ईएससी, म्हणजे तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर, मिळून. सेन्सर्ड (फिरता भाग कुठे आहे ते सेन्सरने सांगणारी), १८०० केव्ही (रिकामी फिरताना दर व्होल्टला मिनिटाला १८०० फेरे), अत्तराच्या बाटलीसारखी फोममध्ये बसवून आलेली. गोव्यात डिचोलीच्या पलीकडे बंद पडलेल्या चिरेखाणीत, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीत, सकाळी साडेसातला गाडी खाली ठेवली आणि आठ वाजून दहा मिनिटांनी तो वास आला. वार्निश करपल्याचा. बांधापलीकडे काजू गोळा करणारा एक म्हातारा होता, वास त्याच्यापर्यंत पोचला. "कितें लासलें रे?" (काय जळलं रे?) म्हणून विचारून गेला. काय सांगणार, साडेनऊ हजार लासले.

बॉडी काढली, मोटरला बोट लावलं, बोट तोंडात घातलं. कोविडच्या वेळी कपाळावर रोखायला घेतलेलं ते पिस्तूल माझ्या बॅगेत असतं, कारण घरात आता त्याला कोणी विचारत नाही. मोटरवर रोखलं. माणसाच्या तापासाठी बनवलेलं यंत्र ते, त्रेचाळीस अंशांच्या आसपास त्याची अक्कल संपते. पडद्यावर अक्षरं आली, 'हाय'. इंग्रजीतलं असणार. मला मराठीतलंच ऐकू आलं.

आणि मग मी ती घोडचूक केली. विकणाऱ्याला फोन लावला.

खाणीत रेंज एकाच चिऱ्यावर उभं राहिलं तर मिळते. त्या चिऱ्यावर, मे महिन्याच्या उन्हात, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात चार किलोची गाडी घेऊन मी उभा.

"सर, मोटर तापली म्हणजे तुम्ही चालवली असेल."

चालवायलाच घेतली होती ना बाबा! देवघरात ठेवायला नव्हती घेतली!

"तसं नाही सर. जास्त चालवली असेल. आणि जळालेली मोटर वॉरंटीत बसत नाही. न जळता बंद पडली असती तर बसली असती."

हे वाक्य मी पाच दिवस डोक्यात घोळवतोय. न जळता बंद पडायला हवी होती. चूक मोटरची, मरताना नियम वाचले नाहीत तिने.

"बरं सर, एक व्हिडिओ पाठवा."

"कशाचा?"

"मोटर फिरत नसल्याचा."

काढला. देवाशपथ काढला. न फिरणाऱ्या मोटरचा वीस सेकंदांचा व्हिडिओ. काही हलत नाही, मागे फक्त एक मोर केकाटतोय. दुपारी उत्तर आलं, "सर, हा फोटो आहे, व्हिडिओ पाठवा."

पुन्हा फोन केला. मी जेवढा ओरडायचा तेवढा ओरडलो. तो शांतपणे ऐकून घेतो आणि शेवटी विचारतो, "गोव्यात असता ना सर? मजा आहे मग तुमची, रोज बीच!"

अरे, माझ्या घरापासून समुद्र तासाभरावर आहे! रोज सकाळी मी समुद्र नाही बघत, शेजारच्यांची बंद पडलेली व्हॅन बघतो. पुण्याचा, मुंबईचा, नागपूरचा, कुणालाही गोवा म्हटलं की हेच. लग्नात भेटलेले नातेवाईक तेच, बँकेच्या हेल्पलाइनवाले तेच. साडेनऊ हजारांच्या मयतालासुद्धा बीचच.

आता ब्रशवाल्यांनी गालातल्या गालात हसू नये. श्रीखंडाच्या डब्यात माझ्या पाच ब्रश मोटरी चिरनिद्रा घेतायत, ३५ टर्नच्या दोन, ५५ टर्नच्या तीन (टर्न म्हणजे तारेचे वेढे). ब्रश मोटरची लबाडी तर वेगळीच. तिचं तांब्याचं वेटोळं मधल्या फिरत्या भागावर (त्याला घासत वीज पोचवतात ते ब्रश), आतली उष्णता बाहेर यायची तर हवेची फट ओलांडून नाहीतर दांड्यातून. म्हणून वरचा डबा कोमट लागतो तेव्हा आत खीर करपलेली असते. ब्रशलेसचं वेटोळं निदान डब्याला चिकटून बसतं, हात लावला की खरं काय ते कळतं. ब्रश मोटर शेवटपर्यंत "मी बरी आहे" म्हणते आणि मग ब्रश ज्यावर घासतात तो कम्युटेटर काळा, ब्रश चाटून संपलेले, आणि डबा सीलबंद, उघडता येत नाही. फेका.

त्यात आपली लाल माती. चुंबक घेऊन या मातीत फिरवून बघा, काळे कण मिशीसारखे चिकटतात. मोटरीत चुंबकच असतात. बाकी मी काही बोलत नाही. आणि ज्या मित्राने "वागातोरच्या खडकांवर चालवू, फोटो छान येतील" असं सुचवलं, त्याच्याशी मी अजून नीट बोलत नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने तीन दिवसांत सगळी बेअरिंग गंजून नारिंगी.

गाडी बाहेरून मागवावी तर २०२० साली खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० वर नेली, २०२३ साली ७० वर. सरकारच्या लेखी मी आणि चार वर्षांचं पोर एकच. आमच्या हिच्या लेखीही.

ब्रशलेसचा पहिला अनुभवही सांगून टाकतो, आता तोंड उघडलंच आहे तर. दोन वर्षांपूर्वी सेन्सरलेस घेतली होती, स्वस्त पडते म्हणून. चढावर हळू ट्रिगर दाबला की थंडी वाजल्यासारखी जागच्या जागी थरथरायची, आणि मग अचानक उडी. रोटर, म्हणजे फिरता भाग, कुठे आहे हेच ईएससीला कळत नाही, कळेपर्यंत गाडी दरीत. म्हणून यंदा सेन्सर्ड. सेन्सरची वायर लावली, नीट लावली, दोनदा तपासली.

तो दुकानदार पहिल्याच फोनवर आणखी एक गोष्ट विचारत होता. मी मुद्दामच वर लिहिली नाही.

"सर, पिनियन किती दातांचा?"

वीस.

पिनियन म्हणजे मोटरच्या दांड्यावरचं दातेरी चाक. गाडीबरोबर पंधराचा आला होता. मला वीसचा हवा होता, कारण सपाटीवर गाडी म्हशीसारखी चालते आणि भाचा हसतो. पंधराचे वीस केले म्हणजे वेग वाढतो, पण त्याच चढाला करंट एक तृतीयांशाने जास्त. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. वर टू-एस, म्हणजे दोन सेलची, लिपो बॅटरी काढून तीन सेलची थ्री-एस. हा हिशेब मी बारावीच्या पोरांना शिकवतो. पगार घेऊन शिकवतो.

आणि पुढचं चाक चिऱ्याच्या पायरीखाली अडकलं होतं. चाक अडकलं की मोटर थांबते, मोटर थांबली की ती फिरताना स्वतः तयार करते तो उलटा व्होल्टेज नाही, करंटला अडवणारं फारसं काही उरत नाही, वेटोळ्याच्या तीन फेजांपैकी दोघांतूनच सगळा लोंढा. हेही ठाऊक होतं. बोटाला ठाऊक नव्हतं. मी ट्रिगर दाबून धरला. मागे घेतला नाही, हाताने उचलली नाही, वाटलं निघेल.

मोरजीच्या वाळूत भाड्याची जीप रुतवून अॅक्सिलरेटर रेटणारे पर्यटक दिसले की मी गाडी बाजूला लावून, खाली उतरून त्यांना हसतो. दरवर्षी हसतो. मागच्या वर्षी एकाला "अरे, चाकं फिरवून वाळू खणतोयस फक्त" असं मोठ्या तोऱ्यात सुनावलं होतं.

भाचा त्या दिवशी बरोबरच होता. त्याची गाडी जुनी, ५५ टर्नची ब्रश मोटर, टू-एस, बारा दातांचा पिनियन. मी फोनवर भांडत होतो तेवढ्यात तो तीच पायरी तीनदा चढला. चौथ्यांदा वर जाऊन थांबला आणि म्हणाला, "मामा, विंच लावू?" मी काही बोललो नाही. त्याने त्याच्या गाडीची विंच, म्हणजे दोरी ओढणारी चरखी, माझ्या गाडीला लावली. कोमट मोटरने माझी साडेनऊ हजारांची मोटर ओढून वर काढली.

सोमवारी त्याच दुकानदाराकडून तेरा दातांचा पिनियन मागवला. दुसरीकडे शिल्लक नव्हता. पार्सल आज आलंय म्हणे. कुरिअरवाल्याचे अर्ध्या तासात चार फोन झाले. देवळासमोर उभा आहे म्हणतो. कुठल्या, ते सांगता येत नाही.