सर्वांसाठी खुलं, फक्त तीन पायऱ्या चढून या

नाशकात सामुदायिक कलाकेंद्र चालवायला घेतलंय? अभिनंदन! म्हणजे आता ‘सर्वसमावेशक सर्जनशील उपक्रम’ आलाच, कारण त्याशिवाय सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीचा, चेक निघत नाही. अर्जाच्या पहिल्या पानावर ‘सर्वसमावेशक’ हा शब्द चार-पाचदा तरी येऊ द्या. शेवटच्या पानावरच्या खर्चाच्या तक्त्यात तो एकदाही दिसला नाही तरी कुणी विचारत नाही.

पहिली बैठक मंगळवारी सकाळी अकराला घ्या. कॉलेज रोडच्या निवृत्त मंडळींना ही वेळ झकास जमते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले पहिल्या पाळीचे लोक तेव्हा मशीनवर असतात, सिडकोतल्या बायका तिसऱ्या घरची भांडी घासत असतात. त्यामुळे ‘कष्टकऱ्यांना नेमकं काय हवंय’ यावर मोकळेपणानं बोलता येतं, मध्येच कुणी अडवत नाही. अशा एका बैठकीला मीही होतो. अंध मुलांना चित्रकला शिकवावी की नाही, यावर अडीच तास खडाजंगी झाली आणि ‘त्यांना संगीतच आवडतं’ असं शेवटी एकमतानं ठरलं. खोलीत अंध माणूस एकही नव्हता, म्हणून तर एकमत झालं. चिवडा उत्तम होता.

मग रॅम्प. इथं जरा थांबायला हवं, कारण सगळा खेळ इथंच आहे. दारात तीन पायऱ्या, सहा-सहा इंचांच्या, म्हणजे उंची दीड फूट. नियम म्हणतो, एकास बारा. फूटभर चढायला बारा फूट लांबी, म्हणजे तुमचा रॅम्प अठरा फुटांचा व्हायला हवा. कंत्राटदार टेप टाकून सांगेल, ‘साहेब, दोन गाड्यांचं पार्किंग जाईल.’ पार्किंग घालवू नका. पाच फुटांत बसवा आणि वर गुळगुळीत ग्रॅनाइट लावा, फोटोत चमकतं. उद्‌घाटनाला व्हीलचेअरवरचे पाहुणे बोलावलेच असतील, तर चार पोरांकडून त्यांना खुर्चीसकट उचलून वर न्या. ‘अहो, सावकाश’ असं ते म्हणतील, तिकडे लक्ष देऊ नका. फोटोखाली ‘मदतीचे हात’ असं लिहायला विसरू नका. दुसऱ्या दिवसापासून रॅम्पच्या तोंडाशी कुंड्या मांडा. नाहीतर लोक बाइक चढवतात हो.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. पोस्टरवर एकच पुरतो, चाकांच्या खुर्चीचा.

उद्‌घाटनाला नाशिक ढोल हवाच, तोही बंद हॉलमध्ये. पहिल्या रांगेत ऑटिझम असलेली मुलं कानांवर हात दाबून बसतील, त्याला ‘मुलं भारावून गेली’ म्हणायचं. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी सांकेतिक भाषेच्या दुभाषी ताई आणा, त्यांना स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात उभं करा आणि नाटक सुरू होताच हॉलमधले दिवे मालवा. ताई अंधारात हात हलवत राहतील. एक छोटा स्पॉट मारायला सांगितला, तर लाइटवाला म्हणेल, ‘डिझाइनमध्ये नाहीये.’ कलेच्या कामात ढवळाढवळ बरी नव्हे, सोडून द्या.

आदिवासी कलेशिवाय कार्यक्रम फिका वाटतो. सुरगाण्याकडून बोहाड्याची मंडळी बोलवा. गावात ही सोंगं मुखवटे चढवून रात्ररात्र नाचतात, एकेक सोंग वाजतगाजत येतं. तुम्ही त्यांना दहा मिनिटं द्या, दीपप्रज्वलन आणि प्रमुख पाहुण्यांच्या मध्ये. पाहुण्यांना उशीर झाला तर पंचवीस, लवकर आले तर चार. निवेदकाला पुण्याहून बोलवा आणि मानधन आगाऊ द्या. सोंगं नाचवणाऱ्यांना प्रमाणपत्र द्या, लॅमिनेट केलेलं. परतीची एसटी गेलेली असेल, पण तो प्रश्न परिवहनाचा, आपण कलेचे लोक.

भाषणात काळाराम मंदिराचा सत्याग्रह जरूर घ्या. २ मार्च १९३० ला सुरू झाला, आणि दारात अडवलेली माणसं पुढं कित्येक वर्षं हटली नाहीत. या वाक्यावर टाळ्या ठरलेल्या. मात्र बोलताना नजर श्रोत्यांवर ठेवा, त्यांच्या मागं दारात मांडलेल्या कुंड्यांवर नको. लोककवी वामनदादा कर्डकांचं नावही घ्या, आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, केवढा अभिमान! एखाद्या वस्तीतली पोरं त्यांची गाणी गायला तारीख मागायला आली, तर हॉल बुक आहे म्हणावं. आणि तो असतोच, साड्यांच्या प्रदर्शनाला.

सरतेशेवटी अभिप्रायाची वही ठेवा. वरच्या मजल्यावर, सुतळीनं पेन बांधून. लिफ्टचं पुढच्या टप्प्यात बघू. एवढं करूनही कुणीतरी जिना चढून येतंच. परवा एका बाईंनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘बैठक रविवारी ठेवता येईल का? मला बोलायचं आहे.’

सूचना स्वागतार्ह आहे. खाली तसा शेरा मारा, सही करा आणि विषय पुढच्या बैठकीत घ्या. मंगळवारी, अकराला.