इरजण

थंडीत आमच्या घरी सगळ्या गोष्टींवर विरजण पडतं, फक्त दुधावर पडत नाही.

पहाटे उठून फिरायला जायचा माझा बेत घ्या. पाचला उठून अभ्यास करायचा लेकीचा निश्चय घ्या. रविवारी माळा आवरायचा बायकोचा हुकूम घ्या. या सगळ्यांवर डिसेंबरात असं काही घट्ट विरजण पडतं की सुरीनं वड्या पाडाव्यात. पण माय रोज रात्री कोमट दुधात चमचाभर दही सोडते, ते दूध सकाळी बघावं तर जसंच्या तसं. तळाशी ते चमचाभर दही एकटंच बसलेलं असतं, चुकून दुसऱ्याच लग्नाच्या मांडवात शिरलेल्या पाहुण्यासारखं.

आता लातूरची थंडी काही काश्मीरची नव्हे, हे मलाही कळतं. पण तिचा स्वभाव विचित्र आहे. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. दिवसभर तापलेली काळी जमीन सूर्य मावळला की सगळी ऊब आभाळाला देऊन मोकळी होते. त्यामुळं दुपारी दोनला स्वेटर काढून कमरेला बांधावा लागतो आणि रात्री दोनला तोच स्वेटर दुसऱ्या स्वेटरवर चढवावा लागतो. माणसाचाच गोंधळ उडतो, तिथं दह्याची काय कथा?

एरवी दही लागलं नाही तर कुणी आकाशपाताळ एक करत नाही. दूध परत तापवायचं, चहा करायचा, विषय संपला. (तो चहा जरा आंबूस लागतो आणि फाटतो, पण थंडीत गरम आहे म्हणून माणूस पितो.) यंदा मात्र प्रकरण येळवसचं होतं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी शहरात कुत्रंसुद्धा दिसत नाही. जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, पण ती नसती केली तरी कचेरीत कुणी सापडलं नसतं. ज्याचं शेत आहे तो शेतात आणि ज्याचं नाही तो ज्याचं आहे त्याच्या शेतात. कडब्याची कोप उभी राहते, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात, आणि मग भज्जी, उंडे, गव्हाची खीर आणि आंबील. बाकी काही कमीजास्त झालं तर चालतं. आंबील नसली तर येळवसच नाही. आंबिलीला लागतं ताक, ताकाला लागतं दही आणि दही तर आमच्या घरात आठ दिवसांपासून लागतच नव्हतं.

"पिशवीतलं ताक आणू का?" असं मी एकदाच विचारलं. मायनं माझ्याकडं असं बघितलं की मी ताबडतोब विषय बदलून गव्हाच्या भावावर आलो.

मायचं इरजण हे साधं इरजण नाही. ते तिच्या माहेराहून आलेलं आहे. म्हणजे तेच दही नाही, त्याचा वंश. रोजच्या दह्यातलं चमचाभर राखून उद्याच्या दुधात, असं ते अव्याहत चालू आहे. आमच्या घराण्याचा इतिहास कुणाला आजोबांच्या पलीकडं सांगता येत नाही, पण दह्याचा सांगता येतो.

तर बैठक बसली.

दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं म्हणणं, दोष दुधाचा. पूर्वी म्हैस दारात होती तेव्हा दही असं लागायचं की गाडगं उलटं केलं तरी पडत नव्हतं. बायकोचं म्हणणं, "आत्या, हॉटपॉटमध्ये लावून बघू." शेजारच्या काकूंनी खिडकीतून सल्ला दिला की हिरव्या मिरचीची देठं टाका. (हा उपाय खरा आहे, मिरचीच्या देठानंही दूध विरजतं. आमच्याकडं देठाबरोबर चुकून मिरचीही गेली. त्या प्रयोगाबद्दल इथं जास्त लिहीत नाही.)

लेक बीएस्सीला आहे, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन. तिनं चष्मा वर केला. "आजी, दह्यात जिवाणू असतात. ते दुधातली साखर खाऊन आम्ल करतात, त्या आम्लानं दुधातलं प्रथिन गोठतं. त्यांना चाळीस अंशाच्या आसपास ऊब लागते. आपल्याकडं रात्री नऊ-दहा अंश असतात. ते मरत नाहीत, नुसते पडून राहतात."

"म्हणजे तुझ्या बापासारखंच की," माय म्हणाली.

लेकीनं पुढं बल्गेरिया काढलं. तिथल्या दह्यातला जिवाणू 1905 साली स्तामेन ग्रिगोरोव्ह नावाच्या माणसानं शोधला, तिथलं दही जगात नावाजलेलं आहे, आणि तिथं तर हिवाळ्यात बर्फ पडतो. माय पहिल्यांदाच नीट ऐकायला लागली. तिनं एकच प्रश्न विचारला.

"मग ते कशात गुंडाळतेत?"

याचं उत्तर अभ्यासक्रमात नव्हतं.

बुधवारी रात्री शेवटचा मोका होता. गुरुवारी ताक करून रात्री आंबील घालायची, शुक्रवारी येळवस. चार लिटर दूध तापलं, निवायला ठेवलं. माय करंगळी बुडवून दहापर्यंत मोजते. सहाच्या आत बोट काढावं लागलं तर दूध गरम, दहा मोजूनही काहीच वाटलं नाही तर गार. लेकीनं मात्र औषधाच्या डब्यातला ताप मोजायचा थर्मामीटर आणला. धुऊन, पुसून, दुधात. एकशे चार.

"बरोबर चाळीस अंश," लेक म्हणाली.

"माणसाला एवढा ताप आला तर दवाखान्यात पळवतेत," माय म्हणाली, पण करंगळीचा आणि थर्मामीटरचा निकाल एकच आल्यानं दोघीही खूश झाल्या.

मग सुरू झालं बाळंतिणीचं करावं तसं कवतिक. एरवी छोटं पातेलं ज्वारीच्या कोठीत, दाण्यांत रुतवून ठेवतात. चार लिटरचं त्यात मावेना. मोठ्या टोपल्यात भुसकट घातलं, त्यात पातेलं बसवलं. खालून गरम पाण्याची पिशवी. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेल्या पाण्यावर दिवस काढलेली आमची माय, भांडी विसळलेलं पाणी तुळशीला घालणारी, तिनं त्या पिशवीसाठी तासातासाला नवं पाणी तापवलं. वरून दादांची घोंगडी. त्यावर तिच्या हातची वाकळ, जिच्यात माझ्या पहिलीच्या चड्डीपासून आज्जीच्या लुगड्यापर्यंत सगळं शिवलेलं आहे. आणि सगळ्यात आत, पातेल्याला लागून, माझी शाल.

या शालीबद्दल सांगितलं पाहिजे. मी शिक्षक आहे, आणि आपल्याकडं माणूस एका जागी थोडा वेळ उभा राहिला तरी त्याचा सत्कार होतो. त्यामुळं घरात शालींची चळत आहे. त्यातल्या एकोणीस निव्वळ नावाच्या, आरपार दिसणाऱ्या, अंगावर घेतल्या तर उलट जास्त थंडी वाजते. विसावी खरोखरची लोकरीची. ती बहुतेक चुकून मला मिळाली असावी. ती मी कपाटात कुलूप लावून ठेवत असे. मायला किल्ली कुठं असते हे माहीत होतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वारं येतं म्हणून टोपलं बैठकीत आलं. म्हणजे माझ्या खाटेच्या जागी. त्यातच संध्याकाळी पुण्याहून बहीण आणि भावजी येळवससाठी आले होते. पुण्याचे पाहुणे म्हणून दोन्ही रजया त्यांच्याकडं गेल्या. मला एक चादर मिळाली आणि दह्याशेजारची फरशी.

"धक्का लावू नको बरं का," दिवा मालवताना माय म्हणाली. "आन् जोरात खोकू नको. बसू दे त्याला."

रात्र चढत गेली. फरशी तर अशी की सतरंजीतून वर येऊन विचारत होती, जागा आहेस का? मी गुडघे पोटाशी घेतले, पोट गुडघ्याशी घेतलं. हाताच्या अंतरावर ते टोपलं, तीन पांघरुणं घेऊन, गरम पाण्याच्या पिशवीवर बूड टेकून, सुखानं घोरत असल्यासारखं. घरात दोन पोटची पोरं, मी आणि बहीण. पण माझ्या आजारपणातसुद्धा मायनं माझ्या अंगावर तीन पांघरुणं घातल्याचं मला आठवेना.

अडीचच्या सुमारास माझ्या मनात पाप आलं. सगळी पांघरुणं नकोत. घोंगडी, वाकळ राहू दे. फक्त शाल. शाल तर माझीच आहे, मागं माझं नाव छापलेलं सन्मानपत्रसुद्धा आहे. शिवाय दह्याचे पाच तास तर होऊन गेले, लागायचं ते लागलंच असेल. मी हळूच वाकळ उचलली, घोंगडी सरकवली, शाल ओढली. आता आतली गोष्ट बाहेर काढायची म्हणजे बाहेरच्या गोष्टी उलगडाव्या लागतात, आणि त्या अंधारात पूर्वीसारख्या परत गुंडाळता येत नाहीत. एका बाजूनं पातेलं उघडं राहिलं असावं. पण शालीत पातेल्याची ऊब होती. मी गळ्यापर्यंत घेतली आणि त्यानंतरचं मला काहीच आठवत नाही.

सकाळी जाग आली ती शांततेनं. टोपल्याभोवती सगळं घर उभं होतं. मायनं पातेलं जरासं तिरकं केलं.

दूध हललं.

मी डोळे मिटूनच पडून राहिलो. आधी संशय दुधावर गेला, मग हॉटपॉट न वापरल्यावर, मग भावजींवर, कारण ते रात्री पाणी प्यायला उठले होते. भावजी पुण्याचे असल्यामुळं त्यांनी व्यवस्थित मुद्देसूद खुलासा केला. मग कुणाचंतरी लक्ष वाकळीच्या गुंडाळीकडं गेलं. मग वाकळीतून काय कमी आहे तिकडं. मग सगळ्यांचं लक्ष माझ्याकडं. शालीतून येणाऱ्या दुधाच्या वासावरून मी अजूनही झोपेत आहे असं सिद्ध करणं अवघड होतं.

"आरं, लेकराचं पांघरूण कुणी ओढतंय का?" माय म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या आवाजात नुसतं नवल होतं.

काकूंकडं दही लागलेलं होतं. छान, घट्ट, दीड लिटर. त्या रोज रात्री पातेलं टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर ठेवतात आणि बॉक्स बंद करत नाहीत. "तुमचंच इरजण आहे की," त्या म्हणाल्या, "दिवाळीत नेलं होतं." म्हणजे मायच्या माहेरचा वंश आमच्या घरात थंडीनं गारठला होता आणि भिंतीपलीकडं रात्रभर मालिका बघत सुखात होता. मायनं वाटीभर दही आणलं, आमचं दूध परत करंगळी-कोमट केलं, त्यात ते घुसळलं, आणि पातेलं गच्चीवर उन्हात ठेवायला लावलं.

"आन् तू राखणीला बस," ती मला म्हणाली. "कावळे हायेत, मांजर हाय. शाल दे इकडं."

शाल पातेल्याला परत गेली. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण या रकान्यात 'कौटुंबिक' लिहिलं. सकाळी नऊला मी काकडत होतो. अकराला स्वेटर काढला. बाराला टॉवेल डोक्यावर घेतला. एकला पातेल्याची सावली शोधून तिच्यात पाय घातले. लेक दर तासाला थर्मामीटर घेऊन येई, पातेल्याचा ताप बघे आणि मला न विचारता खाली जाई. दोनला माझं नाक सोललं. तीनला मायनं येऊन पातेलं तिरकं केलं, आणि ते हललं नाही.

आठ दिवस आम्ही ज्याच्यासाठी रात्री जागवल्या ते लातूरच्या दुपारनं सहा तासांत करून दिलं. हे आधी कुणालाच कसं सुचलं नाही, असं मी खाली आल्यावर म्हणालो. दादा म्हणाले, "आम्हाला वाटलं तुला सुचलं असंल, तू मास्तर हायेस."

ताक झालं. ज्वारीचं पीठ पडलं, लसूण-जिऱ्याचा वास घरभर झाला, रात्रीतून आंबील मुरली. शुक्रवारी ती बिंदग्यात भरून, घोंगडीच्या चुंबळीवर ठेवून शेतात गेली. दादा पुढं, मी मागं, कोपीभोवती आंबील शिंपडत "ओलगे ओलगे सालम पोलगे". लहानपणी मी याचा अर्थ विचारला होता, तेव्हा दादा म्हणाले होते, म्हणायचं असतंय. यंदा भावजींनी विचारला, तेव्हा मी तेच उत्तर दिलं. मग हरभऱ्यात बसून जेवण. भावजींनी आंबील चार वेळा मागितली आणि "आंबटपणा अगदी नेमका आहे" असं म्हणाले. मी माझ्या सोललेल्या नाकाला हात लावला.

दिवस मावळला तसा गारवा पायातून चढायला लागला. टेंपोच्या मागं आम्ही सगळे दाटीवाटीनं बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुणाकुणाच्या शेतात पेटते टेंभे धावत होते. वारं असं की दात वाजायला लागले. माझ्या अंगात अर्ध्या बाहीचा स्वेटर. मायच्या मांडीवर रिकामं बिंदगं आणि बिंदग्याभोवती, नीट दोन वेढे देऊन, माझी शाल.

"माय, ते तर रिकामं आहे," मी म्हणालो.

तिनं शालीचं टोक उचलून आत दाखवलं. तळाशी एक छोटी वाटी होती, फडक्यानं तोंड बांधलेली.

"उद्याचं इरजण हाय," ती म्हणाली. "तू जरा तिकडं सरक, वारं लागलालंय त्याला."